स्वस्ताईचा जमाखर्च

आजोबांच्या काळी एका रुपयाला अमुक पायली ज्वारी मिळत असे आणि आज त्या रुपयाला चिंचोकाही मिळत नाही, हे वाक्य मराठी घरांतून दर पिढीस नव्याने उच्चारले जाते, आणि ऐकणारे माना डोलावतात. पायलीचे माप तालुक्यागणिक बदलत असे, आणि 1958 पासून टप्प्याटप्प्याने दशमान वजने रूढ होईपर्यंत त्या मापाचा आजच्या किलोशी बिनचूक मेळ घालणे दुरापास्तच होते. तरी पूर्वी भाव कमी होते, एवढे निःशंकपणे मान्य करावे. गैरसमज आहे तो त्यावरून काढलेल्या अनुमानात, की भाव कमी असल्यामुळे संसारही सुखाने चालत असे. तो रुपया हाती येण्यास किती राबावे लागे, आणि वाण्याचे देणे चुकते केल्यावर त्यातून काय शिल्लक उरे, हे पाहिल्यावाचून स्वस्ताईचा हिशेब पुरा होत नाही.

हा हिशेब सुदैवाने सरकारी दप्तरात नोंदलेला आहे. मुंबई सरकारने 1921 साली स्थापन केलेल्या मजूर कचेरीने त्याच सुमारास मुंबईतील कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची चौकशी केली, आणि तिचे संचालक फिंडले शिरास यांनी 1923 मध्ये तिचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार सरासरी कुटुंबाचे दरमहाचे उत्पन्न 52 रुपये 4 आणे 6 पै एवढे होते. आणि हे एकट्या कर्त्या पुरुषाचे वेतन नसून घरातील स्त्रियांची व मुलांची कमाईही त्यात धरलेली होती. शंभर रुपयांच्या खर्चातील 56.8 रुपये अन्नावर, 9.6 कपड्यालत्त्यावर, 7.7 खोलीच्या भाड्यावर आणि 7.4 सरपण व दिवाबत्तीवर जात, उरलेल्या 18.5 रुपयांत औषधपाणी, लग्नकार्य, गावी पाठवायचे पैसे आणि सावकाराचे व्याज या सर्वांची सोय लावावयाची असे. जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जबाजारी होती, आणि रुपयामागे दरमहा एक आणा हा व्याजाचा प्रचलित दर, म्हणजे सालिना पाऊणशे टक्के, त्यांना भरावा लागत होता. परंतु याहूनही बोलकी नोंद ताटाविषयी आहे. दुष्काळी कामावरील मजुरासाठी सरकारी नियमांनी जेवढे कमाल धान्य ठरवून दिले होते तेवढे या कामगारांच्या वाट्यास येत होते. मुंबईच्या तुरुंगनियमांत कैद्यासाठी जो आहार मंजूर होता, तेवढा मात्र येत नव्हता. ज्या काळात सर्व काही स्वस्त होते असे आपण म्हणतो, त्या काळी गिरणीत दिवसभर उभ्या राहणाऱ्या माणसापेक्षा तुरुंगातील कैद्याची भाकरी कागदोपत्री तरी अधिक भरत होती, ही गोष्ट स्वस्ताईच्या स्तुतिपाठकांनी एकदा वाचून पाहावी.

यावर कोणी म्हणेल की 1921 हे साल महायुद्धोत्तर महागाईचे, ते प्रमाण कसे मानावे? आक्षेप रास्त आहे. पण तो दुसऱ्या एका गैरसमजावरच उलटतो. महागाई ही स्वातंत्र्योत्तर राज्यकारभाराची निर्मिती आहे, असे मानणारे लोक पुष्कळ आहेत. वस्तुतः मुंबईच्या कामगारांच्या राहणीखर्चाचा निर्देशांक जुलै 1914 मध्ये शंभर धरला, तर 1920 च्या अखेरीस तो दुपटीच्या जवळ पोचला होता. आणि ज्या महागाई भत्त्याची थकबाकी हा आज कचेऱ्यांतून जिव्हाळ्याचा विषय असतो, त्याचे मूळही त्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरणीमालकांनी धान्य महागल्याबद्दल देऊ केलेल्या वाढीत सापडते.

पुढे 1929 नंतरच्या जागतिक मंदीत भाव खरोखरच कोसळले, आणि स्वस्ताईच सुख देत असती तर ते दशक महाराष्ट्राचा सुवर्णकाळ ठरावयास हवे होते. घडले ते विपरीत. रयतवारीतील शेतसारा रोख रकमेत ठरलेला आणि सावकाराचे खतही रुपयांतच लिहिलेले. त्यामुळे ज्वारी-कापसाचे भाव उतरताच तेवढ्याच देण्यासाठी शेतकऱ्यास कितीतरी अधिक पोती बाजारात ओतावी लागली. शहरातील वेतनदाराला जी स्वस्ताई वाटली, तिची किंमत खेड्यात जमिनी गहाण पडून चुकती होत होती, आणि 1939 साली मुंबई प्रांतात शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा करण्याची पाळी आली ती उगीच नव्हे. स्वस्त धान्य नेहमी कोणाला तरी महाग पडलेले असते. फक्त तो मनुष्य आपल्या आजोबांच्या आठवणीत बसत नाही.

त्यानंतरची कथा थोडक्यात सांगता येईल. 1943 च्या मे महिन्यात मुंबईत शिधावाटप सुरू झाले, आणि भाव काय आहे यापेक्षा कार्डावर काय मिळते हा प्रश्न मोठा झाला. 1972 च्या दुष्काळात परदेशी मिलो ज्वारीची भाकरी थापून झाली, आणि मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली लाटणी उगारून रस्त्यावर आलेल्या स्त्रियांनी महागाई हा विषय स्वयंपाकघरातून थेट सचिवालयापर्यंत नेला. ‘आमच्या वेळी’ म्हणून ज्या काळाचा आज हवाला दिला जातो, त्यात नेमकी हीच वर्षे मोडतात.

त्याच 1972-73 सालच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत भारतातील ग्रामीण कुटुंबाच्या खर्चापैकी सुमारे 73 टक्के आणि शहरी कुटुंबाच्या खर्चापैकी 64 टक्क्यांहून अधिक वाटा अन्नाचा होता. 2022-23 च्या पाहणीत तेच आकडे अनुक्रमे 46 आणि 39 वर आले. एकट्या तृणधान्यांचा ग्रामीण वाटा चाळीस टक्क्यांवरून पाचाच्याही आत उतरला, यास मोफत रेशनाचा हातभार आहे हे खरे, पण तेवढेच कारण नव्हे. आज खर्चाच्या यादीत गहू-तांदळापेक्षा चहा-पेये, फरसाण आणि बाहेरचे तयार खाणे हे सदर मोठे आहे, मग ते घर शहरातले असो वा खेड्यातले. महिनाअखेरीस पैसे पुरत नाहीत ही तक्रार खोटी नाही. पण तिचा दोष धान्याच्या पोत्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

तरीही वडीलधाऱ्यांची सर्वच वाक्ये भ्रामक ठरवावीत असे मला वाटत नाही. खोलीभाडे खरोखर कमी होते, आणि 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने ते 1940 च्या पातळीवर गोठवून ठेवले. मात्र शिरास यांच्या चौकशीतील बहुतेक कामगार कुटुंबे एकाच खोलीत राहत होती, हेही त्या भाड्याबरोबर मोजावे. वरणाच्या बाबतीत तर मी त्यांचाच पक्ष घेईन. देशात दरडोई दररोज उपलब्ध होणारी डाळ 1961 साली सुमारे 69 ग्रॅम होती, ती 2001 पर्यंत 30 ग्रॅमवर घसरली, आणि नंतर सावरली तरी जुन्या पातळीस पोचलेली नाही. कारण हरितक्रांतीत पाटाचे पाणी आणि सरकारी खरेदीची हमी गहू-भाताच्या वाट्यास गेली, उत्तरेकडील मैदानांतून हरभरा मागे हटला, आणि कडधान्ये बहुतांशी पावसाच्या भरवशावर राहिली. दूध त्याच मुदतीत कितीतरी वाढले, गहू-साखर सहजप्राप्य झाली, पण 2015 च्या दसरा-दिवाळीस तुरीची डाळ किलोला दोनशे रुपयांपर्यंत चढली तेव्हा ती म्यानमार आणि आफ्रिकेतून मागवावी लागत होती.