घरकुलाचा कारभार जिल्हा परिषदेत आला, पण जाब विचारायचा कोणाला?

हिंगोली : घरकुल मंजूर झालं, जुनं घर पाडलं, पाया भरला आणि पुढचा हप्ता काही येईना. ग्रामपंचायतीत विचारलं तर पंचायत समितीत जा म्हणतात. पंचायत समितीत गेलं तर 'डीआरडीए'चं नाव निघतं. ही डीआरडीए म्हणजे काय, तिचा कारभार जिल्हा परिषदेकडं का आणला गेला आणि त्यानं आपल्याला काय फरक पडतो, ते पाहू.

डीआरडीए म्हणजे काय?

पूर्ण नाव जिल्हा ग्रामीण विकास यंत्रणा. १९८० च्या सुमारास एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमासाठी देशभर अशा यंत्रणा उभ्या राहिल्या. हे जिल्हा परिषदेचं खातं नव्हतं. संस्था म्हणून नोंदलेली ही वेगळी यंत्रणा होती, तिचं बँक खातं वेगळं, हिशोबही वेगळा. आधी इंदिरा आवास आणि २०१६ पासून प्रधानमंत्री आवास, घरकुलाचं काम तिच्याकडंच राहिलं.

१ एप्रिल १९९९ पासून केंद्रानं या यंत्रणेच्या पगार-खर्चासाठी स्वतंत्र योजना सुरू केली. बरोबर एक महिन्यानं, १ मे १९९९ ला, परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला. म्हणजे आपला जिल्हा जन्मला तेव्हाच जिल्हा परिषदेचं एक दार आणि डीआरडीएचं दुसरं, अशी पद्धत ठरलेली होती. नियमाप्रमाणं यंत्रणेचं अध्यक्षपद जिल्हा परिषद अध्यक्षांकडं असलं, तरी तिची ओळख वेगळीच ठेवली होती.

२०२२ मध्ये काय बदललं?

केंद्रानं १ एप्रिल २०२२ पासून ही योजना बंद केली आणि डीआरडीए जिल्हा परिषदेत विलीन करा, असं राज्यांना कळवलं. यामागचा विचार साधा आहे. १९९३ मध्ये लागू झालेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीनं पंचायतींकडं सोपवायच्या २९ विषयांची यादी दिली. त्यात ग्रामीण गृहनिर्माण आहे. म्हणजे गावाकडच्या घरांचा कारभार लोकांनी निवडून दिलेल्या संस्थेनं करावा, हे घटनेलाच अपेक्षित आहे.

पण वेळ पाहा. फेब्रुवारी २०१७ ला निवडून आलेल्या आपल्या जिल्हा परिषदेची आणि पंचायत समित्यांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. आरक्षण आणि गटरचनेच्या वादात निवडणुका लांबल्या, कारभार प्रशासकाच्या हाती गेला. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घ्या म्हणून सांगावं लागलं. थोडक्यात, कारभार ज्या घरात आणायचं ठरलं, त्या घराचे मालकच तेव्हा घरी नव्हते. सभागृहात उठून 'कळमनुरीचे हप्ते का थांबले?' असं विचारणारा सदस्य तीन वर्षांहून जास्त काळ जिल्ह्यात नव्हता.

नुसती पाटी बदलून भागत नाही

हा धडा लंडनलाही मिळाला आहे. तिथं पालिका गरिबांना भाड्यानं घरं देते. केन्सिंग्टन भागातल्या पालिकेनं या घरांचा कारभार एका वेगळ्या संस्थेकडं दिला होता. ग्रेनफेल टॉवर या इमारतीतले रहिवासी आगीच्या धोक्याबद्दल आधीपासून सांगत होते. १४ जून २०१७ ला आग लागली, ७२ माणसं गेली. त्यानंतर मार्च २०१८ मध्ये पालिकेनं घरांचा कारभार परत स्वतःकडं घेतला. पण कारभार कोणाकडं, एवढ्यावर हा प्रश्न सुटत नाही. तिथं राहणाऱ्याचं ऐकलं जातं का, हा खरा प्रश्न असतो.

मग आपलं काम कुठं अडलं, हे कसं ओळखायचं?

यादीत नाव नाही : हा विषय ग्रामसभेचा. सर्वेक्षणातून आलेली यादी ग्रामसभेत वाचून तपासावी लागते. अपात्र नावं तिथंच वगळता येतात. निर्णय पटला नाही तर जिल्हास्तरीय अपील समितीकडं जाता येतं.

हप्ता थांबला : आधी फोटो पाहा. पाया, छत अशा टप्प्यांवर जागेवर येऊन मोबाईल ॲपवर फोटो चढवला जातो. तो चढला नाही तर पुढचा हप्ता निघत नाही. हे काम पंचायत समितीतल्या ग्रामीण गृहनिर्माण अभियंत्याचं, आणि त्याच्यावर गटविकास अधिकारी. पैसा थेट तुमच्या बँक खात्यात येतो, त्यामुळं फोटोसाठी किंवा हप्त्यासाठी कोणालाही काही द्यायची गरज नाही.

वाळू मिळेना : हे तहसील कार्यालयाचं काम. घरकुलासाठी पाच ब्रासपर्यंत वाळू मोफत देण्याचं राज्याचं धोरण आहे.

जागाच नाही : पंडित दीनदयाल उपाध्याय योजनेतून जागा घ्यायला अर्थसहाय्य मिळतं. अर्ज पंचायत समितीमार्फत जातो.

तोंडी नको, लेखी विचारा

तक्रार कागदावर द्या आणि पोच घ्या. आवक क्रमांक हातात असला की 'तुमचा अर्जच आला नाही' असं कोणाला म्हणता येत नाही. तरी उत्तर नाही आलं तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्यांना फीही नाही, फक्त दाखला जोडायचा.

आणि ग्रामसभा सोडू नका. वर्षातून किमान चार ग्रामसभा घेणं बंधनकारक आहे. गणसंख्या १५ टक्के मतदार किंवा १००, यातला जो आकडा कमी असेल तो. जिल्हा परिषदेत प्रशासक असला तरी ग्रामसभेला प्रशासक नेमता येत नाही, कारण गावातला प्रत्येक मतदार तिचा सदस्य आहे. पुढच्या सभेत एवढंच मागा : गावात घरकुलं किती मंजूर, किती पूर्ण, कोणाचा हप्ता किती दिवसांपासून थांबला आणि का, ही यादी वाचून दाखवा आणि इतिवृत्तात लिहा. एकदा इतिवृत्तात आलं की पंचायत समितीपासून जिल्हा परिषदेपर्यंत कोणालाही 'आम्हाला माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही.