चाचणी बुद्धीची की जिभेची?

वेक्स्लरच्या बुद्धिमापन चाचणीत शब्दांचे अर्थ, दोन गोष्टींतले साम्य तोंडी सांगावे लागते. बोलताना अडखळणारे मूल तिथेच गुण गमावू शकते. मग एकत्रित बुद्ध्यंकावर शाळा ठरवली, की हुशार पोरही मागे बसते. ब्रिटनमध्ये 1938 साली आलेल्या रेव्हनच्या चाचणीत नक्षीचा गाळलेला तुकडा नुसता बोटाने दाखवला तरी चालतो. ‘पण शाळा भाषेतूनच शिकवते ना?’ आक्षेप रास्त आहे, आणि एकट्या रेव्हनवर प्रवेश ठरवूही नये. मात्र भाषा समजणे वेगळे, उच्चारणे वेगळे. ऐकलेल्या शब्दाचे चित्र चार चित्रांतून निवडायला लावले, की समज बोलण्याविना मोजता येते. पालकांनी एका आकड्यावर समाधान न मानता अहवालात प्रत्येक विभागाचे गुण स्वतंत्र मागावेत.