संगणकातील ग्रंथालय आणि ग्रंथपाल

आजचे युग हे माहितीचे युग आहे, असे आपण नेहमी ऐकतो. पण ही माहिती आपल्या वाळवा तालुक्यातील विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते कशी, याचा विचार फारसा होत नाही. पूर्वी एखादा प्रबंध पाहायचा तर एस.टी.ने कोल्हापूर गाठून शिवाजी विद्यापीठाच्या बॅ. बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात दिवस घालवावा लागे. आता ते काम बऱ्याच अंशी इस्लामपुरात बसून होऊ शकते.

याची सुरुवात १९९१ साली झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘इन्फ्लिबनेट’ हा कार्यक्रम हाती घेतला. १९९६ पासून ती स्वायत्त संस्था असून तिचे केंद्र गांधीनगरला आहे. तिच्या ‘शोधगंगा’ या भांडारातील पाच लाखांहून अधिक प्रबंध कोणालाही विनामूल्य पाहता येतात. महाविद्यालयांसाठी २०१० मध्ये ‘एन-लिस्ट’ योजना आली. तिच्यातून हजारो नियतकालिके व लाखाच्या वर ग्रंथ खुले झाले. अलीकडच्या वर्षांत महाविद्यालयाची वार्षिक वर्गणी करासह ५,९०० रुपये होती. हजार विद्यार्थी धरले, तर माणशी सहा रुपयेही पडत नाहीत.

मग अडचण कोठे आहे? ग्रंथपालांशी बोलले असता तीन गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात. पहिली, एन-लिस्टसाठी प्रत्येकाला स्वतंत्र नाव व पासवर्ड लागतो आणि तो ग्रंथालयातूनच मिळतो, हे पुष्कळ विद्यार्थ्यांना ठाऊकच नसते. दुसरी, भाषेची. बहुतेक साहित्य इंग्रजीत असते. ऊसतोड मजुरांवर माहिती हवी असेल, तर संपूर्ण प्रश्न टाईप करून हाती काही लागत नाही. ऊस, स्थलांतर, मजुरी यांचे नेमके इंग्रजी शब्द जुळवून शोधावे लागते. तिसरी, विकत घेतलेले पुस्तक कपाटात राहते, पण वर्गणी थांबली की संगणकावरील नियतकालिक बंद होऊ शकते. म्हणून छापील ग्रंथांची खरेदी थांबवू नये, असे ते सांगतात.

आमच्या बँकेत खातेवह्या जाऊन संगणक आले, तरी खातेदाराला समजावून सांगायला माणूस लागतोच. ग्रंथालयाचेही तसेच आहे. वाचकाचा वेळ वाचला पाहिजे, हे डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ सालीच सांगून ठेवले. जेथे ग्रंथपालाचे पद रिक्त आहे, तेथे वर्गणी भरूनही दार बंदच राहते. त्याचा फटका घरातून प्रथमच महाविद्यालयात गेलेल्या मुलामुलींना अधिक बसतो. कारण त्यांना घरी सांगणारे कोणी नसते.

विद्यार्थी मित्रांनो, महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेले बाबासाहेबांचे इंग्रजी लेखन व भाषणांचे खंडही आज संगणकावर विनामूल्य मिळतात. प्रवेश घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात ग्रंथपालांना भेटा, आपले नाव व पासवर्ड मागून घ्या आणि एक विषय त्यांच्यासमोर बसून शोधून पाहा. सभासद बंधू-भगिनींनीही आपल्या पाल्याला एवढे एकदा अवश्य विचारावे.