‘तुम्ही कोण?’ या प्रश्नाची दिंडोरीतली उत्तरे

(दिंडोरी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय ‘ओळख’. शब्द रोजच्या वापरातला आहे, पण त्याच्या पोटात बरंच काही दडलेलं आहे. म्हणून सुरुवात आपल्या ओळखीच्या प्रसंगाने करू. ननाशीकडचा एखादा माणूस दिंडोरीच्या बाजाराला येतो. कोणी विचारलं, कुठले? तो म्हणतो, ननाशीचा. तोच नाशिकला गेला की म्हणतो, दिंडोरीचा. मुंबईत तो नाशिकचा होतो आणि दिल्लीत महाराष्ट्राचा. तहसील कचेरीच्या खिडकीवर तो ‘कोकणा’ असं सांगतो. नऊ ऑगस्टच्या मिरवणुकीत तो ‘आदिवासी’ असतो. द्राक्षाच्या हंगामात पूर्व भागातल्या बागेत कामाला गेला, तर तिथे त्याला ‘वरच्या गावचा’ म्हणतात.

आता सांगा, यातलं खोटं उत्तर कोणतं? एकही नाही. विचारणारा बदलला की उत्तर बदलतं, माणूस तोच राहतो. आज आपल्याला हेच समजून घ्यायचंय, की ही सगळी उत्तरं एकाच वेळी खरी कशी असतात आणि यातलं एकच कागदावर लिहा असं कोणी म्हटलं की अडचण कुठे होते.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही, म्हणून क्षणभर इजिप्तकडे बघू. इजिप्तच्या माणसाला विचारा, तुम्ही आफ्रिकी की अरब? देश आफ्रिका खंडात आहे, सिनाईचा भाग आशियात, भाषा अरबी, बहुसंख्यांचा धर्म इस्लाम, शिवाय कॉप्टिक ख्रिस्ती समाज फार जुना, आणि दाराशी पिरॅमिड. गेल्या शंभर वर्षांत तिथे या प्रश्नाची उत्तरं बदलत गेली. १९२२ मध्ये तुतनखामेनची कबर सापडली आणि ‘आम्ही फेरोंचे वारस’ या विचाराला जोर आला. मुख्तार या शिल्पकाराचं ‘इजिप्तचं पुनरुत्थान’ हे शिल्प १९२८ मध्ये कैरोत उभं राहिलं. त्यात स्फिंक्स उठतोय आणि शेजारी शेतकरी स्त्री चेहऱ्यावरचा पदर बाजूला करतेय. ताहा हुसेन या लेखकाने १९३८ मध्ये मांडलं, की आपली संस्कृती भूमध्य समुद्राच्या काठची आहे. पुढे नासर यांनी तीन वर्तुळं सांगितली: अरब, आफ्रिकी आणि इस्लामी. २०१४ च्या राज्यघटनेत तर पहिल्याच कलमात हे सगळं एकत्र लिहिलं आहे. अरब राष्ट्राचा भाग, मुस्लिम जगाचा भाग, आफ्रिका खंडातला देश आणि आशियाशी नातं असलेला. सामान्य माणूस मात्र बहुतेक वेळा एका शब्दात मोकळा होतो: ‘मसरी’, म्हणजे इजिप्तचा.

पण तिथेही ‘आम्ही सगळे एक’ म्हणताना कोणीतरी मागे राहतं. दक्षिणेकडच्या नूबियन लोकांची भाषा वेगळी. आस्वानच्या उंच धरणासाठी १९६३-६४ मध्ये त्यांची गावं उठली. त्यांना ‘मसरी’ हे नाव मान्य आहे, पण नूबियन हे नावही सोडायचं नाही. हे लक्षात ठेवा, कारण आता आपण परत आपल्या तालुक्यात येतोय.

दिंडोरी तालुक्यात निम्म्याहून जास्त लोक अनुसूचित जमातीचे आहेत. विधानसभेची जागा राखीव, आणि २००८ च्या पुनर्रचनेनंतर झालेला लोकसभेचा दिंडोरी मतदारसंघही राखीव. इथल्या मोठ्या जमाती म्हणजे कोकणा आणि महादेव कोळी. वारली, भिल्लही आहेत. एकेक नाव उलगडून बघू.

‘कोकणा’ या नावातच स्थलांतराची आठवण आहे. परंपरा अशी सांगते, की दुर्गादेवीच्या दुष्काळात, म्हणजे चौदाव्या शतकाच्या अखेरीस, ही माणसं कोकणातून घाट चढून वर आली. म्हणजे ज्यांना आपण ‘मूळनिवासी’ म्हणतो, त्यांच्या नावातच ‘आम्ही तिकडून आलो’ असं आहे! यात विसंगती वाटायचं कारण नाही. सहाशे वर्षं ज्या डोंगरात नांगर धरला, देव मांडले, माणसं पुरली, तो डोंगर आपलाच होतो.

आता गंमत बघा. सीमेपलीकडे डांगमध्ये याच लोकांना ‘कुणबी’ही म्हणतात. आपल्याकडे मात्र कुणबी म्हटलं की वेगळा समाज, आणि तो इतर मागासवर्गात. म्हणजे एकाच कुळातल्या माणसांचं नाव सीमेच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरं. डांग मराठी की गुजराती हा वाद चांगलाच रंगला होता. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली आणि डांग गुजरातेत गेलं. सुरगाण्याच्या पलीकडे मावशी राहते, तिच्या मुलांची शाळा गुजरातीत झाली आणि आपली मराठीत. घरातली बोली मात्र एकच.

ती बोली कुठल्या भाषेची? नाव कोकणी असलं तरी ती गोव्याची कोकणी नव्हे. ऐकायला मराठीच्या जवळची, मधेच गुजरातीची लकब. आणि जनगणनेच्या तक्त्यात कोकणा-कुकणा ही मातृभाषा ‘भिली’ गटाखाली घातलेली आहे! बोलणारा म्हणतो, आम्ही आमचं बोलतो. तक्ता करणाऱ्याला मात्र कुठलातरी रकाना लागतो.

महादेव कोळ्यांची गोष्ट आणखी वेगळी. हे लोक डोंगरातले, मराठी बोलणारे. जव्हारचं संस्थान महादेव कोळी मुकणे घराण्याचं. इंग्रजांविरुद्ध उठलेले राघोजी भांगरे याच समाजातले. त्यांना १८४८ मध्ये ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. पण ‘कोळी’ हा शब्द किनाऱ्यावरचा सोनकोळीही वापरतो. सोनकोळी मासेमारी करणारे, ते अनुसूचित जमातीत नाहीत. महादेव कोळी आहेत. शब्द एक, समाज दोन. पुढचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

त्याआधी देवाधर्माचं थोडं. मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचं व्रत करणारा कोकणा माणूस सप्तशृंगीच्या गडावरही जातो. वाघबारशीला वाघदेवाला नारळ देतो आणि घरी गणपतीही बसवतो. मग तो हिंदू का? समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांचं म्हणणं, आदिवासी म्हणजे मागे राहिलेले हिंदू. व्हेरिअर एल्विन यांचं म्हणणं, त्यांचं जग वेगळं आहे, ते जपलं पाहिजे. १९३१ च्या जनगणनेत आदिवासी धर्मांचा वेगळा रकाना होता, स्वातंत्र्यानंतर तो गेला. आज आपल्यातले काही जण म्हणतात, आम्ही हिंदूच. काही म्हणतात, आमचा निसर्गधर्म वेगळा. दोघंही एकाच भावकीतले असतात आणि डोंगऱ्यादेवाला एकत्र नाचतात. आम्हाला वाटतं, हा निवाडा व्यासपीठावरून करायचा नसतो. तो ज्याचा त्याने करायचा.

आणि ‘आदिवासी’ हा शब्द? हाही फार जुना नाही. विसाव्या शतकात तो रुजला. संविधान सभेत जयपालसिंह मुंडा यांनी या शब्दाचा आग्रह धरला, पण संविधानाने ‘अनुसूचित जमाती’ हा शब्द घेतला. संयुक्त राष्ट्रांनी १९९४ मध्ये नऊ ऑगस्ट हा दिवस ठरवला आणि कोकणा, कोळी, वारली, भिल्ल या सगळ्यांना एका मिरवणुकीत आणणारं नाव मिळालं. इजिप्तमध्ये ‘अरब’ या शब्दाने अनेक देशांना जोडलं, तसंच काहीसं. मोठं नाव बळ देतं. पण मोठ्या नावाखाली लहान नाव विसरलं जाऊ नये, हे नूबियन माणूस आपल्याला सांगतो.

आता कचेरीकडे वळू. इथे ओळख ही भावनेची बाब राहत नाही, मुलाच्या प्रवेशाची होते.

६ सप्टेंबर १९५० ला राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जमातींची यादी निघाली. सुरुवातीला काही जमातींना ठरावीक तालुक्यांचं बंधन होतं. १९७६ च्या कायद्याने ते उठलं. हे न्याय्यच होतं, कारण कामासाठी दुसऱ्या जिल्ह्यात गेलेल्या आदिवासीचा हक्क का जावा? पण त्यामुळे नावाशी नाव जुळणारे अनेक जण पुढे आले. खोटे दाखले वाढले. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील खटल्यात निकाल दिला. तो दावा महादेव कोळी असल्याचाच होता, आणि जुन्या नोंदीत ‘हिंदू कोळी’ निघालं. त्या निकालातून पडताळणी समित्या आणि दक्षता पथकाची रीत आली. दैवतं कोणती, लग्न कसं लावता, मयताचे विधी काय, हे विचारायचं ठरलं. याला ‘आप्तभाव चाचणी’ म्हणतात. पुढे राज्याने २००० चा कायदा केला आणि सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर टाकली.

हे का करावं लागलं, ते विसरू नका. खोट्या दाखल्यावर घेतलेली प्रत्येक जागा सुरगाणा, पेठ, दिंडोरीतल्या एखाद्या पोराच्या ताटातून गेलेली असते. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की दाखला अवैध ठरला तर त्यावर मिळालेला लाभही राहत नाही. धनगर समाजाच्या मागणीवरून इथे जी अस्वस्थता आहे, तीही याच भीतीतून. ४ ऑक्टोबर २०२४ ला आपल्याच दिंडोरीचे आमदार आणि तेव्हाचे विधानसभा उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ यांनी मंत्रालयात संरक्षक जाळीवर उडी घेतली, ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. मागणी करणाऱ्यांची बाजू त्यांच्याकडून ऐकावी. पण उडी मारावीशी वाटण्याइतकी ही गोष्ट जिव्हारी लागते, एवढं तरी समजून घ्यावं.

आता दुसरी बाजू. खऱ्या आदिवासीचंही या चाळणीत हाल होतात. आजोबांचं नाव शाळेत घालताना मास्तरांनी नुसतं ‘कोळी’ लिहिलं, किंवा ‘कुणबी’, किंवा फक्त ‘हिंदू’. आजोबांना वाचता येत नव्हतं. पन्नास-साठ वर्षांनी नातीला त्या एका शब्दाचा जाब द्यावा लागतो. शहरात वाढलेल्या मुलीला विचारलं, तुमचा कुलदेव कोण, बोलीत अमुक शब्द काय, तर ती अडखळते. अडखळली म्हणून ती आदिवासी नाही का? मग इजिप्तमधल्या माणसाला फेरोंची भाषा वाचता येत नाही, म्हणून तो इजिप्तचा नाही का?

न्यायालयालाही हे पटलं. मार्च २०२३ मध्ये ठाकूर जमातीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की आप्तभाव चाचणी ही शेवटची कसोटी नव्हे. माणसं बदलतात, स्थलांतर करतात, रीती पुसट होतात. जुन्या कागदांचं वजन मोठं, आणि वडिलांकडच्या रक्ताच्या नातेवाइकाला रीतसर पडताळणी होऊन वैधता मिळालेली असेल, तर तिलाही वजन आहे.

मग आपण काय करायचं? एक, घरातले जुने कागद आजच शोधा. शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, सातबारा, १९५० पूर्वीचं जे काही असेल ते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, दाखला मागायची वेळ येईपर्यंत थांबू नका. भावकीत कोणाला वैधता मिळाली असेल तर त्याची प्रत घ्या. दोन, आजी-आजोबांना बोलतं करा. बोलीतले शब्द, कणसरीची गाणी, बोहाड्याची सोंगं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा. हे समितीला दाखवायला नव्हे, पोरांना कळावं म्हणून. तीन, मुलांना सांगा, की दिंडोरीकर, मराठी, कोकणा, आदिवासी, भारतीय ही नावं एकमेकांच्या अंगावर येत नाहीत. घरात एकाच बाईला कोणी आई म्हणतं, कोणी वहिनी, कोणी मावशी. तिचे काही तुकडे होत नाहीत.

सरकारला यादी लागते, रकाना लागतो. ते त्याचं काम आहे आणि आपल्या हक्कासाठी ते आवश्यकही आहे. पण रकान्यात मावतं तेवढेच आपण, असं मात्र समजू नका. ‘तुम्ही कोण?’ असं पुन्हा कोणी विचारलं, तर आधी विचारणारा कोण ते बघा, मग खरं उत्तर द्या. बाकीची उत्तरंही तुमचीच आहेत.

एवढं बोलून आम्ही थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.