रविवारची फेरी

जड पाणी दिसायला साध्या पाण्यासारखंच. त्यातल्या हायड्रोजनच्या अणुकेंद्रात एक न्यूट्रॉन जास्त, एवढाच फरक. पण अणुभट्टीत न्यूट्रॉनचा वेग कमी करायला ते उपयोगी पडतं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जर्मन शास्त्रज्ञांनी चुकीच्या मोजमापामुळे ग्राफाइट बाद केलं होतं. त्यामुळे त्यांची सगळी भिस्त नॉर्वेतल्या व्हेमोर्कच्या जड पाण्याच्या कारखान्यावर होती. १९४० मध्ये नॉर्वे जर्मनीच्या ताब्यात गेला, तसा हा कारखानाही गेला.

२७ फेब्रुवारी १९४३ च्या रात्री जर्मनीला अणुबॉम्ब बनवता येऊ नये म्हणून तो निकामी करायला नऊ नॉर्वेजियन तरुण तिथे पोचले. पुलावर पहारा होता, म्हणून ते दरीत उतरले, गोठलेली नदी ओलांडून समोरचा कडा चढले. त्यांचा म्होरक्या योआकिम रोनेबर्ग तेव्हा अवघा तेवीस वर्षांचा. तो स्फोटकं लावत असताना तिथला नॉर्वेजियन पहारेकरी म्हणाला, माझा चष्मा कुठेतरी राहिलाय, युद्धात दुसरा मिळायचा नाही. हातातलं काम थांबवून त्याचा चष्मा शोधून देण्यात आला. मग वात पेटली. सुमारे ५०० किलो जड पाणी वाहून गेलं. एकही गोळी झाडावी लागली नाही.

इथवरची गोष्ट सगळे सांगतात. मला पुढची जास्त महत्त्वाची वाटते.

जर्मनांनी कारखाना पुन्हा सुरू केला. पुढे बॉम्बहल्ले झाले, तेव्हा उरलेलं जड पाणी जर्मनीला हलवायचं ठरलं. वाटेत टिन सरोवर होतं आणि ते ओलांडायला प्रवासी बोट. ती बुडवायचं ठरलं. त्या नऊ जणांपैकी क्नुट हाउकेलिडने लंडनमधल्या वरिष्ठांना विचारलं, एवढ्या जिवांची किंमत मोजण्याइतकं हे गरजेचं आहे का? उत्तर आलं, आहे. कारखान्यातल्या साथीदारांनी माल रविवारच्या फेरीने जाईल असं पाहिलं, कारण त्या दिवशी प्रवासी कमी. आदल्या रात्री बोटीवरच्या पहारेकऱ्याने हाउकेलिड आणि त्याच्या साथीदारांना हटकलं. गेस्टापोपासून लपतोय, असं सांगताच त्याने आसरा दिला. सुरुंग लावून निघताना हाउकेलिडने त्याच्याशी हात मिळवला. त्याला सावध करणं मात्र शक्य नव्हतं.

जर्मनी अणुबॉम्बच्या जवळपासही नव्हती, हे युद्धानंतर कळलं. पण त्या रात्री ते कुणाला ठाऊक होतं? म्हणून हाउकेलिडला दोष देणं मला पटत नाही.

२० फेब्रुवारी १९४४ च्या सकाळी बोट बुडाली. अठरा माणसं गेली. त्यांतली चौदा नॉर्वेचीच होती.