चेंडूच्या मागावर: हॉक-आयची नजर आणि अंदाज

30 मार्च 2011, मोहाली. क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात पाकिस्तानच्या सईद अजमलचा चेंडू सचिन तेंडुलकरच्या पॅडवर आदळला आणि पंच इयन गूल्ड यांनी बोट वर केलं. सचिन 23 धावांवर होता. गौतम गंभीरशी दोन शब्द बोलून त्याने डीआरएस घेतला, म्हणजे पंचांच्या निर्णयाचा फेरविचार मागितला. पडद्यावर चेंडूची वाट उमटली आणि लेग स्टंप जेमतेम चुकवून पलीकडे गेली. सचिनने पुढे 85 केल्या, भारत 29 धावांनी जिंकला. आपण सचिनला पायचीत केलंच होतं, असं अजमल नंतरही सांगत राहिला.

हा वाद विझत नाही, याचं कारण हॉक-आय या यंत्राच्या घडणीतच आहे. पडद्यावरच्या त्या वाटेचा पॅडपर्यंतचा भाग यंत्राने पाहिलेला होता, त्यापुढचा अंदाजाने काढलेला. रेषा मात्र एकच, सलग.

हॉक-आय इंग्लंडमधलं. रोक मॅनर या संशोधन संस्थेत पॉल हॉकिन्स यांच्या पुढाकाराने ते तयार झालं आणि 2001 मध्ये लॉर्ड्सवरच्या इंग्लंड-पाकिस्तान कसोटीत चॅनल फोरच्या प्रेक्षकांनी ते पहिल्यांदा पाहिलं. तेव्हा ते केवळ समालोचकांच्या हाताशी होतं. पंचांच्या मदतीला डीआरएस पद्धत 2008 मध्ये भारताच्या श्रीलंका दौऱ्यात प्रयोग म्हणून आली. त्यानंतर भारतीय क्रिकेट मंडळाने द्विपक्षीय मालिकांत तिला बराच काळ नकार दिला. 2016 मध्ये इंग्लंडविरुद्धच्या राजकोट कसोटीपासून तो नकार मावळला.

मैदानावर हॉक-आयचं काम पाहण्यासारखं असतं. कॅमेऱ्याला चेंडू म्हणून काही दिसत नाही, दिसतात ते फक्त पिक्सेल. लागोपाठच्या दोन चित्रांची वजाबाकी केली की गवत आणि खेळपट्टी पुसली जाते आणि हललेलं तेवढं उरतं: गोलंदाजाचा हात, यष्टिरक्षकाचे ग्लोव्हज, उडालेली माती, मध्येच आलेलं कबूतर. त्यातला चेंडू कोणता, हे आकार, रंग आणि गोलाईवरून ठरवायचं. ताशी 140 किलोमीटरचा चेंडू सेकंदाला सुमारे 39 मीटर जातो. सेकंदाला 50 चित्रं घेतली, तर दोन चित्रांमध्ये तो पाऊण मीटरहून जास्त सरकलेला असतो. 300 घेतली, तर 13 सेंटिमीटर. म्हणून अशा कामात संगणक सगळं चित्र धुंडाळत बसत नाही. मागच्या काही जागांवरून चेंडू आता कुठे असेल याचा अंदाज बांधतो आणि तेवढ्याच चौकटीत शोधतो. सापडला की अंदाज दुरुस्त करतो, की लगेच पुढचा अंदाज.

अंदाज आणि मोजमाप यांपैकी ज्याची खात्री जास्त त्याला जास्त वजन द्यायचं, ही रीत रुडॉल्फ काल्मान यांनी 1960 मध्ये गणितात बसवली. अपोलो यानांना तिने वाट दाखवली आणि हलत्या वस्तूंचा माग काढणाऱ्यांच्या हाती ती आजही असते.

एका कॅमेऱ्याला खोली कळत नाही. त्यामुळे मैदानाभोवती उंचावर अनेक कॅमेरे बसवतात, त्यांच्या जागा आणि कोन आधीच मोजून ठेवतात, आणि त्यांच्या नजरा जिथे एकमेकींना छेदतात तिथे चेंडू धरतात.

या विद्येचं खरं दुखणं चेंडूच्या आड काही येण्याचं आहे. जून 2020 मध्ये ॲस्टन व्हिला आणि शेफील्ड युनायटेड यांच्या फुटबॉल सामन्यात गोलरक्षक चेंडूसह गोलरेषेच्या आत गेला, तरी गोल मिळाला नाही. गोलवर नजर ठेवणाऱ्या हॉक-आयच्या सातही कॅमेऱ्यांच्या आड खेळाडू आणि गोलखांब आले होते. हॉक-आयने जाहीर माफी मागितली. सामना 0-0 सुटला.

क्रिकेटमध्ये पॅड हाच आडोसा. शिवाय पुढची वाट काढायची ती टप्प्यानंतरच्या उड्डाणावरून. चेंडू टप्पा पडताच पॅडवर आदळला, तर हाती मोजकीच चित्रं येतात आणि अंदाज सैल होतो. ‘अंपायर्स कॉल’ आला तो याचसाठी. निम्म्याहून कमी चेंडू यष्टींना लागताना दिसला, तर मैदानावरच्या पंचांचा निर्णय कायम राहतो. चेंडू यष्टींना लागतोय ना, मग बादच द्या, किती टक्के ते पाहू नका, असं खुद्द सचिनने 2020 मध्ये म्हटलं होतं. त्याच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून मला ते पटत नाही. काही मिलिमीटरच्या चुकीची शक्यता असलेल्या अंदाजाला माणसाचा निर्णय फिरवण्याआधी पुरेशी खात्री हवी. अंपायर्स कॉल ही या यंत्रणेतली सर्वांत प्रामाणिक गोष्ट आहे.

प्रामाणिक नाही ते पडद्यावरचं चित्र. कार्डिफ विद्यापीठाचे हॅरी कॉलिन्स आणि रॉबर्ट इव्हान्स यांनी 2008 मध्येच सुचवलं होतं की, यंत्राची अनिश्चितताही प्रेक्षकांना दाखवावी. प्रक्षेपण करणाऱ्यांनी ते आता तरी मनावर घ्यावं. पॅडपर्यंत ठाशीव रेषा काढा, आणि पुढे जिथे अंदाज सुरू होतो तिथून ती रुंद होत जाणारी, फिकट पट्टी करा. क्रिकेट समजणाऱ्या प्रेक्षकाला तेवढं कळतं.