सेवेसाठी सायकल आणि शोषाची चार कारणे

समाजकार्यासाठी निधी जमवावयाचा म्हणून एकट्याने शेकडो, प्रसंगी हजारो किलोमीटर सायकल चालविण्याचा संकल्प करणाऱ्यांची संख्या अलीकडे वाढली आहे. कोणी कर्करुग्णांसाठी, कोणी अनाथाश्रमासाठी, कोणी गावच्या शाळेसाठी रस्त्यावर उतरतो. हा संकल्प सोडणारी व्यक्ती प्रस्थानापूर्वी बहुधा दोन ठिकाणी जाते : वैद्याकडे प्रकृती दाखविण्यासाठी आणि औषधालयात साहाय्य मागण्यासाठी. आपण वैद्यबंधू व औषधालयचालक तिला काय देतो? पुष्कळदा पुष्पगुच्छ, पाठीवर थाप आणि च्यवनप्राशाची एक बरणी. एवढ्याने आपले कर्तव्य संपते काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा विषय नागपूरकरांना परका नाही. आपल्या शहरातील डॉ. अमित समर्थ यांनी 2017 साली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही स्पर्धा एकल गटात पूर्ण केली. 1982 साली सुरू झालेली ही स्पर्धा त्या वर्षी कॅलिफोर्नियातील ओशनसाइड येथून निघून मेरीलँडमधील अ‍ॅनापोलिस येथे संपली. अंतर सुमारे 4,900 किलोमीटर आणि मुदत 12 दिवस. डॉ. समर्थ यांनी ते 11 दिवस 21 तासांत कापले. त्यांच्या काही तास आधी, 11 दिवस 18 तासांत, नाशिकचे लष्करी डॉक्टर लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी ते पूर्ण केले होते. एकल गटात ही स्पर्धा पूर्ण करणारे हे पहिले दोन भारतीय, आणि दोघेही डॉक्टर. दिवसाचे अंतर सरासरी 400 किलोमीटरच्या वर जाते. म्हणजे नागपूरहून निघून अकोल्याच्याही बरेच पुढे, आणि तेही सलग बारा दिवस. पुढच्याच वर्षी, 2018 साली, डॉ. समर्थ यांनी मॉस्को ते व्लादिवोस्तोक हा सुमारे 9,100 किलोमीटरचा सैबेरियाचा पल्लाही टप्प्याटप्प्याने पार केला.

या स्पर्धेतील अनेक स्पर्धक धर्मादाय संस्थांसाठी निधी उभारतात. 2015 साली नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी ती दोघांच्या गटात पूर्ण केली, तेव्हा त्यांच्या चमूच्या नावातच ‘व्हिजन फॉर ट्रायबल्स’ हे शब्द होते. त्याहीपूर्वी आपल्या विदर्भातूनच बाबा आमटे यांनी ‘भारत जोडो’ ही हाक दिली. 1985 च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून निघालेल्या त्या यात्रेत तरुण सायकलवर होते आणि पाठीच्या कण्याच्या व्याधीमुळे बसू न शकणारे बाबा वाहनात झोपून प्रवास करीत होते. सेवा आणि सायकल यांचे नाते आपल्याकडे असे जुने आहे. प्रश्न आहे तो त्या सेवेची किंमत शरीराने किती मोजावी, याचा.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हांस चरकसंहितेच्या निदानस्थानातील शोषनिदानाचा अध्याय अत्यंत उपयुक्त वाटतो. तेथे शोषाची चार आयतने सांगितली आहेत : साहस, संधारण, क्षय आणि विषमाशन. दीर्घ पल्ल्याच्या एकल सायकलस्वारापुढे ही चारही कारणे एकाच वेळी उभी राहतात.

साहस. आपल्या बलाहून अधिक कर्म म्हणजे साहस. त्याच्या उदाहरणांत बलवानाशी झुंज आणि अतिभार वाहणे यांबरोबर फार लांबचा मार्ग वेगाने कापणे याचाही उल्लेख आहे. व्यायाम अर्धशक्तीने करावा, हा वाग्भटांचा दंडक. तोही बलवान व स्निग्धभोजी माणसाने, शीतकाळी व वसंतात. इतरांनी व इतर ऋतूंत त्याहून कमी. जो माणूस पूर्ण शक्तीने बारा दिवस सायकल चालवितो तो या दंडकाबाहेर गेला, हे उघड आहे. मात्र येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा. अर्धशक्ती ही ज्याच्या त्याच्या शक्तीच्या मानाने ठरते. दीर्घ अभ्यासाने ज्याचे बल वाढले त्याची अर्धशक्ती नवशिक्याच्या पूर्ण शक्तीहून मोठी असते. म्हणून पल्ला किती, यापेक्षा त्या पल्ल्यापर्यंत माणूस कोणत्या क्रमाने पोहोचला, हे वैद्याने विचारावे. पथ्याच्या बाबतीत सांगितलेला पादांशिक क्रम येथेही लागू करता येतो. वर्षभर रोज 20 किलोमीटर चालविणाऱ्याने एकदम 200 किलोमीटरचा दिवस ठरविला, तर ते साहसच होय.

या अतियोगाची एक खूण स्पर्धेच्या इतिहासातच नोंदली गेली आहे. 1983 साली मायकेल शर्मर या स्पर्धकाच्या मानेचे स्नायू इतके थकले की डोके वर धरणे त्यास अशक्य झाले. तेव्हापासून या अवस्थेस त्याचेच नाव मिळाले आहे. खोगीर व हँडल यांची उंची शरीरमानानुसार बसविणे, मान व पृष्ठ यांना आधीपासून बल देणे आणि नित्य अभ्यंग करणे, हे उपाय प्रस्थानापूर्वी महिनोन्‌महिने करावयाचे असतात. वाटेत तेल चोळून हे काम भागत नाही.

संधारण. ‘न वेगान्धारणीय’ अध्यायातील तेरा अधारणीय वेगांपैकी मूत्र, पुरीष, क्षुधा, पिपासा, निद्रा आणि श्रमश्वास हे सहा तरी सायकलस्वार रोज अडवितो. अमेरिकेतील स्पर्धेत एकल स्पर्धक दिवसाकाठी जेमतेम एक ते तीन तास झोपतात. निद्रावेगाच्या धारणाने जृंभा, अंगमर्द, तंद्रा येतात, हे आपण पाठ केलेले असते. पण महामार्गावर तंद्रा म्हणजे मृत्यूशी गाठ. 2005 साली याच स्पर्धेत डॉ. बॉब ब्रीडलव्ह या अनुभवी अस्थिशल्यविशारदाचा समोरून येणाऱ्या वाहनाशी टक्कर होऊन अंत झाला. अनुभव आणि वैद्यकीय ज्ञान दोन्ही असूनही रस्ता क्षमा करीत नाही, एवढे यावरून कळते.

संधारणाच्या कारणांत आचार्यांनी वाहनाने प्रवास, सज्जनांची सभा, भय आणि लज्जा यांचा उल्लेख केला आहे. धर्मादाय सायकलयात्रेचे खरे मर्म येथेच आहे, असे आमचे मत आहे. स्पर्धेसाठी जाणारा थकला तर थांबतो; हरला तर स्वतःपुरता हरतो. सेवेसाठी निघालेल्याने मात्र सर्वांसमक्ष वचन दिलेले असते. दात्यांनी दर किलोमीटरमागे रक्कम बोललेली असते, वर्तमानपत्रात छायाचित्र आलेले असते, पुढच्या गावी सत्काराचा मंडप उभा असतो. छातीत दुखू लागले तरी ‘आता कसे थांबावे?’ ही लज्जा त्याला पुढे ढकलते. व्याधीपेक्षा ही लज्जा अधिक घातक होय. त्याच अध्यायात निंद्य साहसाचा वेग मात्र धारण करावयास सांगितला आहे, हे विसरू नये.

क्षय. दिवसभर पायडल मारणाऱ्याचा व्यय 8,000 ते 10,000 किलोकॅलरीपर्यंत जाऊ शकतो. घामावाटे उदक व लवण जाते ते निराळेच. विदर्भात याचे गांभीर्य अधिक. 23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली होती. ग्रीष्मात व्यायाम वर्ज्य करावा, हा ऋतुचर्येचा आदेश आपल्या भागाला तंतोतंत लागू आहे. म्हणून वैद्याने पहिला सल्ला द्यावा तो ऋतूचा : यात्रा हेमंत-शिशिरात ठेवा. तहान लागली म्हणून केवळ साधे पाणी पीत राहिल्यास रक्तातील लवण घटून भ्रम व आक्षेप संभवतात, तेव्हा पन्हे, ताक, लाजमंड, मीठ-साखरेचे पाणी यांची योजना आधीच लिहून द्यावी. घाम थांबणे, बोलण्यात असंबद्धता व तीव्र दाह ही उष्माघाताची लक्षणे दिसल्यास कोणताही कल्प देत बसू नये. अंग त्वरित थंड करीत रुग्णास रुग्णालयात हलवावे.

विषमाशन. वाटेत मिळेल ते, मिळेल तेव्हा खाणे हे सायकलस्वाराचे नेहमीचे दुखणे. अग्नी मंद झाला की चौथ्या दिवशी अन्न नकोसे होते आणि तेथूनच यात्रेचा शेवट सुरू होतो. जे अन्न प्रवासात घ्यावयाचे ते सरावाच्या महिन्यांतच सात्म्य करून घ्यावे. लघु, द्रवप्राय व वारंवार घेता येईल असे अन्न. राजगिऱ्याचे लाडू, खजूर, मऊ भात, केळे, आपली संत्री यांची सोय सोबतच्या माणसांनी करावी. एकल म्हणविणाऱ्या स्पर्धकांमागेही अन्न, निद्रा, दिशा आणि वाहन सांभाळणारे पथक अहोरात्र असते. सायकलवर एकटा असणे निराळे आणि मागे कोणीच नसणे निराळे.

औषधालयचालकांना येथे एक गोष्ट आवर्जून सांगावयाची आहे. थकवा घालवावा म्हणून कुपीलुयुक्त कल्प मागणारे लोक असतात. 1904 च्या सेंट लुइस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन विजेता थॉमस हिक्स यास वाटेत स्ट्रिक्नीन दिले गेले होते आणि शर्यतीअखेर तो कोसळला. तेच स्ट्रिक्नीन कुपीलूत असते. अग्नितुंडी वटी व विषतिंदुक वटी यांतील ते मुख्य द्रव्य असून विषद्रव्यांच्या अनुसूची ‘ई-1’ मध्ये त्याचा समावेश आहे. स्पर्धाकाळात स्ट्रिक्नीन जागतिक उत्तेजकविरोधी यादीने निषिद्ध आहे. सोमलतेतील एफेड्रीन ठरावीक मर्यादेपलीकडे, तसेच विजयायुक्त कल्पही तेथे निषिद्ध ठरतात. स्पर्धेत उतरणाऱ्यास असे कल्प दिल्यास त्याचे पदक आणि आपल्या शास्त्राची प्रतिष्ठा दोन्ही जातील; आणि केवळ सेवायात्रेस निघालेल्यास दिल्यास शरीराने दिलेली थांबण्याची सूचनाच बुजून जाईल. श्रम न कळणे म्हणजे श्रम न होणे नव्हे.

मग आपण करावे काय? आमच्या मते तीन गोष्टी. पहिली, दशविध परीक्षेने, विशेषतः व्यायामशक्ती, आहारशक्ती व वय पाहून, स्पष्ट मत द्यावे. चाळिशीपुढील व्यक्तीस, तसेच हृद्रोग, मधुमेह वा रक्तदाब असलेल्यास हृदयाची आधुनिक तपासणी करून घेतल्याविना संमतिपत्र देऊ नये. दुसरी, कोणत्या लक्षणांवर थांबावयाचे ते प्रस्थानापूर्वी लिहून द्यावे आणि ‘थांब’ म्हणण्याचा अधिकार सोबतच्या एका व्यक्तीकडे सोपवावा. कारण थकलेला माणूस स्वतःच्या थकव्याचा निर्णय करू शकत नाही. तिसरी गोष्ट दात्यांसाठी, ज्यांत आपल्यापैकी अनेक औषधालये असतात : देणगी अंतराशी बांधू नये. रक्कम आधीच पूर्ण जाहीर करावी आणि स्वार अर्ध्या वाटेवरून परतला तरी ती पूर्णच द्यावी. एवढ्या एका नियमाने लज्जेचे ते ओझे स्वाराच्या खांद्यावरून उतरते.

डॉ. समर्थांसारख्यांच्या पराक्रमाचा अभिमान बाळगताना त्यामागची वर्षांची सिद्धता विसरली जाऊ नये. पराक्रम पाहून निघणारे पुष्कळ असतात. सिद्धता करून निघणारे थोडे. या दोहोंतील अंतर वेळीच दाखवून देणे हे वैद्याचे काम आहे. येत्या हेमंतात जो कोणी सायकल घेऊन आपल्या दारी येईल, त्यास पुष्पगुच्छ अवश्य द्यावा. परंतु त्याआधी नाडी पाहावी, चार प्रश्न विचारावेत आणि ज्या कार्यासाठी तो निघाला त्याची देणगी त्याच्या समक्ष मोजून द्यावी.